अंबूचं दहावं

कासारवाडी,
१४ ऑक्टोबर १९५७

ती. अर्जुनदादास अंबूचा दंडवत.

इकडं बाजरी निघाली. म्हैस व्यायली. ह्यांच्या लढाईत गेलेल्या पायाचा खुंट लाकडी पायानं पुन्हा सोललाय. बाकी ठीक.

चिंचवडच्या बाजारात तुझा निरोप मिळाला. भाऊबीजेला गाडी घेऊन येतोस, मला माहेरी मारुंजीला नेतोस. इतक्या वर्षांनी बहीण आठवली.

हे लढाईवर असताना मी ज्याच्या घरात गेले, त्या ज्योतीरामला ह्यांनी गिरणीपुढं भर दुपारी कुऱ्हाडीनं तोडला. दळणाला आलेले लोक बघत राहिले. लढाईनं डोकं फिरलंय, असं वकिलानं सांगितलं आणि हे सुटले. गावानं ह्यांना ठेसनावरून वाजतगाजत आणलं. पहिला हार तू घातलास. मग ह्यांनी मला परत घरात घेतली, तर त्याच लोकांनी आमच्याकडचं पाणी सोडलं. माणूस मारलेला चालला, बायको नांदवलेली चालली नाही. तू तर पवनेवर माझं दहावं घातलंस.

आता हे पंचायतीला उभे आहेत. परवा गावचे पुढारी दौलतराव आले. बाईला माहेरी घाला, सगळी मतं तुमची, म्हणाले. हे म्हणाले, "तिथं तिचं दहावं झालंय. मेलेल्या बाईला कोण ठिवून घेईल?"

"ठिवून घ्यायचं कुठं हाय, सुभेदार? अर्जुनरावाचं आमचं बोलणं झालंय. वाटंत पवनेचा डोह हाय."

ह्यांनी पट्टा सोडून लाकडी पाय हातात घेतला आणि दौलतरावांच्या तोंडावर हाणत राहिले. दात अंगणात पडले. मी चुलीपुढून उठले नाही.

मतं गेली, असं मी नंतर म्हटलं. हे म्हणाले, "माझ्या घरातलं माणूस मारायचं का ठिवायचं, ते गाव ठरवनार व्हय?"

ही माया नव्हे, दादा. त्या दिवशी ह्यांचं डोकं फिरलं नव्हतं. सकाळी कुऱ्हाड पाजळली, भाकरी खाल्ली, ताक मागून घेतलं, मग निघाले. मला कोर्टात कुणी विचारलं नाही. ज्योतीरामसाठी मी अजून रडते, ह्यांच्या देखत. हे तोंड फिरवतात. पण ताट मीच वाढते आणि हे मुकाट जेवतात.

गाडी आणू नकोस. भाऊबीजेला हे ओसरीवर बसणार आहेत, आणि मी ह्यांना आडवी येणार नाही. एकटा, रिकाम्या हातानं आलास तर पाट मांडीन, ओवाळीन. वहिनीला विचारून ठरव.

तुझी बहीण, अजून जिवंत,
अंबू