माझ्या किडनीचा हर्निया केला

दांडी, मालवण
१८ नोव्हेंबर २००७

सौ. जानकीताईस,

धाकट्या लवूचा, सध्या कमरेतून जेवढं वाकता येतं तेवढाच, नमस्कार. इकडे आये बरी, मी बरा. तुझी तब्येत कशी? गोळ्या घड्याळ बघून घेतेस ना? भावोजींना सांग, पाणी आता मोजून नको, डॉक्टर म्हणतात तसं भरपूर द्या. माझी डावी किडनी समुद्राकाठी वाढलेली, तिला कोरडं चालत नाही.

आता संतापाकडे वळतो. ताई, तुला किडनी मी दिली हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे, आयेलाही. हे मानणारा चौथा माणूस दांडीवर सापडत नाही!

रापणीचा कायदा तू विसरली नसशील. किनाऱ्यावरून जो जाळ्याचा दोर ओढेल त्याला मासळीचा वाटा, आणि ज्याचं ऑपरेशन झालं त्याला न ओढता वाटा. किती दिवस, ते टाके बघून हरिश्चंद्र आजोबा ठरवतात. त्यांचा मुतखडा वीस वर्षांपूर्वी काढला तेव्हा पाठीपासून बेंबीपर्यंत फाडलं होतं. (खडा बोराएवढा, चीर होडीएवढी.) तेवढ्यावर त्यांनी दोन हंगाम बसून बांगडे खाल्ले, आणि अजून पाहुणा दिसला की सदरा वर.

मीही ऐटीत सदरा वर केला. पोटावर काय, तर तीन भोकं, शर्टाच्या बटणाएवढी. मी समजावलं की पोटात हवा भरतात, एका भोकातून कॅमेरा घालतात, बाकीच्यांतून हत्यारं, आणि डॉक्टर टीव्हीत बघत किडनी सोडवतात. टीव्हीचं नाव काढलं तिथेच घात झाला. "खयचो चॅनल?" असं कुणीतरी मागून विचारलं. (टीव्हीवरून आठवलं, तुमच्या चाळीतल्या टीव्हीवर मी झोपून एक मॅच पाहत होतो, तिचा शेवट काय झाला? इंजेक्शनने डोळा लागला तो लागलाच.) तुळसाकाकी मासळीची पाटी खाली ठेवून पुढे आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "माझ्या नथीचा भोक ह्येच्यापेक्षा मोठा! आणि घेणारणीक वीतभर कापला, देणाऱ्याक नखभर? ह्यो खयचो न्याय रे, लवू?" सगळा किनारा हसला. कुत्रीसुद्धा.

खरं तर किडनी त्या भोकांतून आलीच नाही. ती आतल्या आत पिशवीत घालून खालच्या आडव्या चिरेतून बाहेर काढली, चांगली चार बोटं लांब. पण ती चीर अशा जागी की नाडी सोडल्याशिवाय दिसत नाही, आणि समोर मासे घ्यायला आलेल्या वीस बायका. डॉक्टर कौतुकाने म्हणाले होते, "कुणाला दिसणारसुद्धा नाही." अहो, पण दिसायला नको असं मी कधी म्हटलं होतं? जुन्या पद्धतीने फाडलं असतं तर बरगडीखालून हातभर पुरावा असता. दुखलं असतं महिनाभर, पण मान तरी मिळाला असता!

शेवटी होडीआड नेऊन एकट्या हरिश्चंद्र आजोबांना दाखवलं. चष्मा पुसला, निरखलं, बाहेर आले आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "हर्निया. माझ्या जावयाकय असोच टाको आसा."

झालं! आता गावभर असं की बहिणीच्या आजारपणाच्या नावाखाली लवूने मुंबईत आपला हर्निया उरकून घेतला. मी सावंतवाडीत लाकडी खेळणी रंगवली, देवगडात आंब्याच्या पेट्या भरल्या, गोव्यात हॉटेलात बशा विसळल्या, कुठे सहा महिने टिकलो नाही, हे सगळं कबूल. पण जन्मात एक काम धड केलं, तर त्याचाही हर्निया? वर आजोबांनी मला दोराजवळ फिरकू न देता पाट्यांवरचे कावळे हाकायला बसवलंय. पंचविशीतला माणूस मी! वाटा मिळतो, पण 'कावळेवाल्याचो' म्हणून ओरडून देतात.

तुझा (उरलेल्यासकट सगळा)
लवू

ता. क. हॉस्पिटलचं कार्ड तुमच्याकडे राहिलंय. त्यावर मोठा शिक्का मारून घे आणि रजिस्टरने पाठव. रापणीवर वाचून दाखवणार आहे.

ता. क. २. कार्ड पाठवू नको. पाकीट चिकटवायला भात मागितला तेव्हा आयेने काय लिहिलंस विचारलं, आणि रडतच कबूल झाली. हर्निया तिच्याच डोक्यातून निघालेला. मी यायच्या आधीच तिने हरिश्चंद्र आजोबांना रामेश्वराची शपथ घातली होती, की पोराची एक किडनी गेली हे फुटलं तर त्याला मुलगी कोण देणार? कावळ्यांचं काम म्हणजे दोर ओढायला लागू नये म्हणून. म्हाताऱ्याने नाटक मात्र फर्मास केलं. मी दोघांवरही रागावलोय, पण कुणाला सांगायची सोय नाही.

ता. क. ३. तेव्हा हर्निया तर हर्निया. फक्त तुझ्या रक्ताच्या तपासणीतला किडनीचा तो आकडा, नुसता आकडाच, दर आठवड्याला पोस्टकार्डाने कळवत जा. हर्नियावाल्याला इथे किडनीची काळजी उघड करता येत नाही.