आधी कोण जागं होतं

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय ताईला धाकटीचा नमस्कार,

तू आणि भावोजी बरे असाल. आम्ही सगळे बरे आहोत. फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘सगळं ठीक ना?’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते, मग दोघी थोडा वेळ हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून म्हटलं, कागदच घ्यावा.

ढब्बू सात महिन्यांचा झाला. त्याचं खरं नाव घरात कुणी घेतच नाही. परवा दवाखान्यात नाव विचारलं तर मी ढब्बूच सांगून बसले. अजून रांगत नाही. पोटावर सरकतो, तेही मागे. समोरच्या चेंडूकडे बघत बघत पलंगाखाली जातो आणि तिथून आपल्यावरच चिडतो. खालचे दोन दात आलेत. बाबा दिसला की हात पसरतो, मी दिसले की माझा चष्मा ओढतो.

मी पुन्हा चष्म्याच्या दुकानात कामाला जायला लागले. सासूबाई दिवसभर त्याला सांभाळतात. गेल्या आठवड्यात एका आजोबांची डाव्या डोळ्याची काच मी उजव्या डोळ्यासाठी कापली. आजोबा घालून बघत म्हणाले, “पोरी, जिना वाकडा दिसतोय गं.” मालकांनी चष्मा तेवढा माझ्यासमोर आणून ठेवला.

कारण एकच, झोप नाही. ढब्बू रात्री सारखा उठतो. संध्याकाळी आंघोळ घालून बघितली, दिवे लवकर मालवून बघितले, पाळणा खिडकीपासून हलवला. सासूबाई म्हणतात, दिवसा जास्त झोपतो. शेजारच्या काकू म्हणतात, दातांचं आहे. मालक म्हणतात, ते त्यांच्या मुलाला मोटारीतून फिरवायचे. आम्हाला मोटारच नाही. लस द्यायला येतात त्या नर्सबाईंनी तर भलतंच विचारलं, “रात्री आधी कोण जागं होतं? तो की तुम्ही?” मी म्हटलं, तोच. आणखी कोण?

तुला हे विचारावं की नाही, कळत नव्हतं. विचारून टाकलं. काही सुचलं तर कळव.

आई म्हणते, ताईला उसंत मिळाली की येईल बाळाला बघायला. मीही सगळ्यांना तेच सांगते.

तुझी,
धाकटी


शुक्रवार, १९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. पाचसहाच ओळी, पण मी त्या कितीदा वाचल्या ते सांगत नाही. ‘त्याला पाठीवर निजव. पाळण्यात उशी, पांघरूण, खेळणी काही ठेवू नकोस. खोली फार गरम नको. कुरकुरला की लगेच उचलू नकोस, जरा थांबून बघ.’ आणि शेवटी, ‘तू झोपतेस का?’

त्या शेवटच्या ओळीपाशी मी अडकले. आजवर सगळ्यांनी ढब्बूच्या झोपेचं विचारलं, माझ्या झोपेचं कुणी विचारलं नव्हतं.

ताई, ढब्बू उठत नाही. मी उठवते.

लिहून टाकलं. आता पुढचंही लिहिते.

तो शांत झोपला की मला ती शांतता सहन होत नाही. मी पाळण्यावर वाकते. छाती हलतेय का बघते. अंधारात नीट दिसत नाही, म्हणून नाकाखाली बोट धरते. श्वास लागतो बोटाला, पण वाटतं हा माझाच असेल. मग पापण्यांवर फुंकर घालते. तरी हलला नाही तर तळपायाला चिमटा काढते. तो दचकतो, रडतो, आणि तो रडला की माझ्या जिवात जीव येतो. मग त्याला खांद्यावर घेऊन फिरते आणि सकाळी सगळ्यांना सांगते, अगदी झोपू देत नाही हा. सगळे माझी कीव करतात. त्याची कुणीच करत नाही. डोळ्यांखाली काळं आलंय एवढ्याशा पोराच्या.

परवा ढब्बूच्या बाबाने बघितलं. मला वाटलं होतं हा झोपलाय. मी चिमटा काढला, ढब्बू किंचाळला, आणि मागून ह्याचा आवाज आला, “अगं, काय केलंस?”

मी म्हटलं, “तो उठलाच होता.”

“नव्हता उठला. मी बघत होतो.” त्याने ढब्बूला माझ्या हातातून घेतलं. ओढून नाही, पण घेतलं. मग म्हणाला, “तू ताईंच्या मुलीमुळे करतेस का हे?”

मी मानेनेच हो म्हटलं. या घरात तिचा विषय त्या रात्री पहिल्यांदा निघाला. आपल्या घरात तर तो कधी निघालाच नाही. चिऊ पाच महिन्यांची होती, रात्री छान हसत झोपली आणि सकाळी उठली नाही. कशामुळे, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यानंतर तिचे फोटो आईने कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आणि आपण सगळे तुझ्यासमोर जपून बोलायला शिकलो. इतकं जपून की बोलायचंच सोडलं.

आणि खरं सांगायचं तर तू बाळाला बघायला आली नाहीस ते उसंत नव्हती म्हणून नाही. आम्ही तुला ‘ये’ म्हटलंच नाही. आई म्हणाली, “तिला त्रास होईल.” मी लगेच हो म्हटलं. पण मला तुझ्या त्रासाची काळजी नव्हती, ताई. मला वाटायचं, तू पाळण्याजवळ उभी राहिलीस तर तुझ्यामागून ते येईल. तुझ्या पदराला चिकटून येईल. मी शिकलेली, चार लोकांत वावरणारी बाई, आणि माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात आणलं. हे वाचून तू पुन्हा माझं तोंड बघितलं नाहीस तरी मला बोलायला जागा नाही.

पण मला तुझ्याशिवाय कुणाला विचारता येत नाही. तू कशी झोपतेस? कधीतरी झोप लागते का?

धाकटी


रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचल्याचं भावोजींनी कळवलं. घर तू गेल्यापासून मोठं वाटतंय.

तू इथे होतीस तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते. दार उघडलं आणि तू बॅग घेऊन उभी होतीस. न कळवता. मला वाटलं होतं तू रागावशील, किंवा रडशील. तू चपला काढल्यास, हात धुतलेस आणि विचारलंस, “निजतो कुठे हा?” पाळणा बघितलास, गादी दाबून बघितलीस, कोपऱ्यात राहिलेली माझी ओढणी उचलून घडी घातलीस. पण ढब्बूला हात लावला नाहीस. तो तुझ्याकडे टक लावून बघत होता आणि तू त्याच्या पायांकडे बघत होतीस.

त्या रात्री तू पाळण्याशेजारी खुर्ची ओढलीस आणि म्हणालीस, “तू पड. मी आहे.” मी पडले, पण डोळे मिटेनात. शेवटी उठून तुझ्या पायाशी येऊन बसले. तेव्हा तू बोललीस. ते मी जसंच्या तसं लिहून ठेवतेय, कारण मला ते पुन्हा पुन्हा लागणार आहे.

तू म्हणालीस, “मी झोपले होते म्हणून ते झालं, असं तुम्हा सगळ्यांना वाटतं ना?”

मी म्हटलं, “नाही गं.”

“मला वाटायचं. पण मी उठले होते त्या रात्री. दोनदा उठून बघितलं. पांघरूण नव्हतं, उशी नव्हती, ती पाठीवर होती, श्वास चालू होता. मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि परत जाऊन झोपले. सगळं नीट होतं, धाकटे. जागं राहून राखता आली असती तर ती आज शाळेत असती.”

मी तुझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तू माझ्या केसांतून हात फिरवत म्हणालीस, “जेवढं आपल्या हातात आहे तेवढं तू करतेसच. बाकीचं राखायला तुला कुणी बसवलेलं नाही.”

तेवढ्यात ढब्बू कुरकुरला. मी उठायला गेले आणि तू माझं मनगट धरलंस. “थांब.” तो वळवळला, एक पाय आपटला, मूठ तोंडात घातली. मला वाटलं आता रडेल. तुझी बोटं माझ्या मनगटात रुतत होती. तेव्हा कळलं, तुलाही थांबायला तेवढंच जड जात होतं. मग मूठ सुटली आणि तो झोपला. आपला आपण. मी त्याला असं झोपताना कधी बघितलंच नव्हतं.

सकाळी तू विचारलंस, “घेऊ का मी?” माझ्या बहिणीने माझ्या मुलाला घेण्याआधी परवानगी मागितली. मी मान खाली घातली, ते तुला दिसलं असेल. तू त्याला खांद्यावर घेतलंस, डोळे मिटलेस आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिलीस. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि दारातूनच परत गेल्या.

आता इथलं. मी नर्सबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “पुष्कळ जणींचं असं होतं. सांगत नाहीत एवढंच.” त्यांनी एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. मी दर आठवड्याला जाते. बोलते, रडते, परत येते. ह्याने आणि मी पाळ्या लावल्यात. त्याची पाळी असली की मी दुसऱ्या खोलीत झोपते, निदान पडते तरी. ढब्बू अजून उठतो, पण एकदाच, भूक लागली म्हणून, दूध पितो आणि झोपतो. मी मात्र त्याच्यापेक्षा जास्त वेळा जागी होते. हल्ली अंथरुणातच राहून कान देते. कधी कधी नाही राहवत, मग जाऊन बघते. नुसतं बघते. चिमटा काढत नाही.

मी आईकडे गेले होते. वरच्या खणातले फोटो मागितले. आई म्हणाली, “कशाला ते आता?” मी म्हटलं, मला हवेत. तिने काढून दिले आणि मग स्वतःच शेजारी बसून एकेक बघत राहिली. एकात चिऊ तुझ्या बांगडीला धरून झोपलीय. मला हे आठवतच नव्हतं. तिच्याबद्दलचं बरंचसं मला ठाऊकच नाही, कारण मी कधी विचारलं नाही. ती कुशीवर वळायला लागली होती का? झोपेत हसायची का? तिला कोणतं गाणं लागायचं?

तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. पत्रात, फोनवर, कसंही. मी जागी असते.

चिऊची मावशी