मागच्या रांगेपर्यंत

३ मार्च
सिनेमा मिळाला! उभा जन्म रंगमंचावर राजा होऊन मरण्यात गेला, आता पडद्यावर गोदामातला कारकून होऊन उद्ध्वस्त व्हायचंय. बायको म्हणाली, मुकुट नाही म्हणजे केस तरी शाबूत राहतील. कुठले केस!

तिच्या काखेत गाठ लागतेय म्हणे. मी राजवैद्याच्या थाटात सांगून टाकलं — चरबीची असेल, काही नसतं. तरी ती डॉक्टरांना दाखवून येणार आहे.

५ मार्च
संवाद वाचले. वाचले कसले, शोधले! कारकून हट्टापायी मुलाला घराबाहेर काढतो. मग एके दिवशी फोन येतो — मुलगा गेला. हा फोन ठेवतो आणि शर्टाचं बटण लावतो. बस. एक वाक्य नाही!

आमच्या राजानेही हट्टापायी पोर गमावलं होतं. पण तो आकाशाला दोन पानं जाब विचारायचा, विंगेत पत्रा हलवून विजा कडाडायच्या. राजा चुकला की राज्य बुडायचं. हा चुकला तर गोदामात दुसरा कारकून येईल. याला शोकनायक म्हणायचं कसं?

जेवताना हे सगळं बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, राजाला रडायला वेळ असतो, कारकुनाला सकाळी कामावर जायचं असतं. मी आमटी वाढून घेतली.

८ मार्च
शूटिंग. पुरती फजिती! फोनवर फक्त “हं” म्हणायचं होतं. कॉलरला माइक आहे हे विसरून मी ते सवयीने थेट मागच्या रांगेपर्यंत फेकलं. साउंडवाल्याने कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच त्याचा मुलगा मारला.

दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, “काका, काहीच करू नका.” तेच तर जमत नाही! छाती आपोआप फुगते, हात आपोआप उठतो. चार दिवसांनी पुन्हा घेणार आहेत. नाही जमलं तर दुसरा नट बघायचं चाललंय — सहायक कुजबुजत होता, मला ऐकू आलं.

९ मार्च
आरशासमोर काहीच न करण्याची तालीम.

लग्नाआधीपासून बायको माझं नाटक शेवटच्या रांगेतून बघते, मुद्दाम. प्रयोग संपला की मी विचारायचं, पोचलं का? ती खोटं बोलत नाही. आज दारात उभी होती, म्हणून विचारलं.
“कपाटापर्यंतसुद्धा नाही,” म्हणाली.

सकाळी ती बहिणीला घेऊन दवाखान्यात जाऊन आली. गाठीचा तुकडा तपासायला दिलाय. मी कसा जाणार, माझी तालीम होती ना! परवाच्या रिपोर्टला मात्र जाईन म्हटलंय.

१० मार्च
भुवया अजून वर जातात. बायकोने चिकटपट्टी आणून दिली.

११ मार्च
गाठ कॅन्सरची आहे. डॉक्टर पुढचं सांगत होते, मी ऐकत होतो. भयंकर भीती वाटली. आकाश, जाब, काही सुचलं नाही. तिच्या पर्सची चेन उघडी राहिली होती, ती लावली.

जिना उतरताना तिने माझा दंड धरला.
“पोचलं हो,” म्हणाली.