कंट्रोलर बिघडलेला नाही

पिल्लू,

गाणी मध्येच बंद पडतात म्हणून डीजेचा कंट्रोलर परत करायला दुकानात जाऊन उगाच हुज्जत घालू नकोस. तू गेल्यावर मी टॅबला जोडून पाहिला, ठणठणीत आहे. आपलं गाण्यांच्या ॲपचं खातं अजून बाबांच्याच नावावर आहे आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. त्यांनी तिकडे, नव्या घरी, काही लावलं की इथलं बंद पडतं. टॅबवर तसं लिहूनच येतं.

शनिवारच्या पार्टीत फजिती नको, स्वतःचं वेगळं खातं काढ. टॅब चार्जिंगला लावलाय.

जुनं खातं मात्र राहू दे. फोन तर ते करत नाहीत. मी अधूनमधून एखादं गाणं लावते. मध्येच थांबलं की कळतं, बरे आहेत.

आई