हिरव्या तोफा

ओलोंगापो, मंगळवार

कुया डेलफिन,

तू थोरला भाऊ, म्हणून आजवर विचारलं नाही. आज विचारतेच.

अमेरिकनांच्या बंद पडलेल्या नाविक तळावर मी पाहुण्यांना जुना स्पॅनिश दरवाजा दाखवते. आज तिथे तळावरचे म्हातारे रंगारी इस्कोकाका भेटले. दरवाजापाशी ठेवलेल्या काळ्या तोफांपैकी एकीवर थाप मारून म्हणाले, "पोरी, या एकदाच हिरव्या झाल्या होत्या. तळावरच्या कामगारांच्या संपाच्या तिसऱ्या आठवड्यात. साहेबाला रंग आवडला नाही, दोन दिवसांत पुन्हा काळ्या केल्या."

"म्हणजे संप चालू असताना तुम्ही आत कामाला होतात?"

"होतो. आता काय, फासावर देतेस?"

त्या आठवड्यात तू बागिओला मावशीकडे होतास ना? मग आई तुझ्या पँटवरचा हिरवा डाग रॉकेलनं का घासत होती? "ओल्या रंगाच्या बाकावर बसलो," म्हणालास. कुठल्या रे बाकावर?

माझा नवरा रूबेन तेव्हा फाटकाबाहेर संपकऱ्यांत उभा असायचा आणि आत जाणाऱ्यांवर थुंकायचा. दर रविवारी आमच्या दारात तांदळाचं पोतं यायचं. चर्चनं पाठवलंय, असं तूच सांगायचास. आज पाद्रीबाबांना विचारलं, तर म्हणाले, "तेव्हा आमचीच चूल थंड होती, बाई."

रूबेन हे न कळताच गेला. तू तिकडे अमेरिकेत सुखात आहेस.

पण हे पत्र मी टाकणार नाही. पहिल्याच पोत्यावर तळाच्या भटारखान्याचा शिक्का होता. रूबेन घरी यायच्या आत मी ते उलटं करून शिवलं होतं.

तुझी बहीण,
लिगाया