अदलाबदलीचं बटण

प्रिय सुदा,

आज सकाळी आपल्या नंदाला सावंतवाडीला फोन केला आणि म्हणालो, "चार दिस येशीत काय गो? नारळ पाडूचे आसत." ती म्हणाली, "बघतंय दादा, चेडवाच्या शाळेत परीक्षा आसा." मी म्हणालो, "जमला तर ये, घाई नाय." फोन ठेवला आणि तिथेच बाकावर बसलो. ते वाक्य माझं नव्हतं. गेल्या दिवाळीआधी तू मला मुंबईला फोन करून हेच म्हणाला होतास, शब्दाला शब्द.

म्हणून लिहितोय. तू जाऊन पाच महिने झाले. इतक्या दिवसांत चार ओळी सुचल्या नाहीत, कारण माझ्यासारख्या टवाळ लेखकाला श्रद्धांजली जमत नाही. दुसऱ्या परिच्छेदात कुणाची तरी टिंगल सुरू होते.

तर टिंगल, टीव्हीला जोडून खेळायच्या तुझ्या त्या काळ्या डब्याची.

नंदाच्या नवऱ्याने जहाजावरून येताना तो जपानहून आणला होता, लेकीसाठी. नंदा म्हणाली, "अभ्यास बुडतलो," आणि डबा तुझ्याकडे धाडला. जणू तुझं बुडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आईच्या अंगावरून वारा गेला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिला भरवायचं, पुसायचं, दर तीन तासांनी कुशीवर वळवायचं, हे सगळं तू करायचास. मी महिन्याला मनीऑर्डर आणि वर्षाला आंब्यांच्या दिवसांत स्वतःला पाठवायचो.

डब्याबरोबर तबकडी एकच, तीही अख्खी जपानी. कुठली ओळ काय सांगते, कळायची सोय नाही. तू एकेक बटण दाबून शोध लावलेस आणि जुन्या कालनिर्णयाच्या पाठीवर लिहून ठेवलेस. 'वरून तिसरी ओळ म्हणजे खेळ राखून ठेव. चौथी दाबू नये.' चौथी दाबून तू एकदा महिनाभराचा खेळ पुसून टाकला होतास. त्या दिवशी म्हणे आईलाही कळलं होतं की घरात कोणीतरी गेलं.

मी मे महिन्यात आलो तेव्हा तू मला शेजारी बसवलंस. खेळ सुरू करण्याआधी त्या डब्यासमोर हात जोडून गाऱ्हाणं घातलंस. "बा देवा म्हाराजा, बारा गावच्या देवांनू, ही लाइट तासभर टिकवा आणि ह्या मुंबईकाराक जरा अक्कल द्या." पलीकडच्या खाटेवरून आई अर्ध्या तोंडाने म्हणाली, "व्हय म्हाराजा."

खेळात दोन वेगळ्या काळांतले, वेगळ्या देशांतले योद्धे एका रणांगणात आणून सोडलेले. मी म्हणालो, हे काय नवीन? आपल्या दशावतारात कुठल्या पुराणातला राक्षस कुठल्या देवाशी भिडेल याचा नेम असतो का? समोर हजारभर सैनिक. त्यातले मोजके लढायचे, बाकीचे शस्त्र धरून नुसते उभे. कुठल्याही कचेरीत दुपारी तीनला दिसेल असं ते दृश्य. तलवारीच्या एका फटक्यात वीस-वीस उडायचे आणि कोणाच्या घरून भरपाईचा अर्ज यायचा नाही.

त्या सगळ्यांतून आपण तिघे निवडायचे. तू निवडून ठेवलेच होतेस. भालावाला तू. दोन पंखे घेऊन नाचणारी ती नंदा. आणि सोटा घेतलेला, ढेरी सुटलेला, दर फटक्याआधी काहीतरी बडबडणारा, तो मी.

"माका ह्यो कित्या?"

"लय बोलता आणि हळू चलता. आणखी कोण शोभात?"

मैदानात एका वेळी एकच. बाकी दोघे कुठेतरी मागे असतात, दिसत नाहीत. मी माझ्या सोटेवाल्याला घेऊन घुसलो आणि चौकोनी बटण ठोकत सुटलो. त्याची जिवाची पट्टी हिरवी होती ती पिवळी झाली, पिवळीची लाल झाली. तू ओरडत होतास, "अरे बदल. वरचा बटण दाब. तेका मागे घे." मी म्हणालो, शूर माणूस मागे हटत नाही. सोटेवाला आडवा झाला आणि खेळच संपला. मागचे दोघे धडधाकट होते, तरीही. मी चिडलो. हा कुठला न्याय?

"तिघातलो एक पडलो तरी डाव संपता," तू म्हणालास. "म्हणान तर बदलूचा. जो मागे जाता तेची पट्टी हळूहळू भरता. तो मरूक नाय, इसावो घेता."

मला तरी पटेना. विसावा घेणं म्हणजे पळून जाणं, अशी आपल्या घराची शिकवण. तेव्हा तू खिडकीकडे बोट केलंस. खाली किनाऱ्यावर माणसं रापणीचं जाळं ओढत होती. "तां बघ. दोरी वडता वडता शेवटचो माणूस वर माडांपर्यंत पोचता. मगे काय करता? दोरी सोडता, चलत पाण्यात जाता आणि पयल्यासून धरता. चलत जाता तेवढोच तेचो इसावो. तेका कोण पळपुटो म्हणता काय? आणि तेना सोडल्यान म्हणान जाळा थांबता काय?"

लहानपणापासून ती दोरी मीही ओढली होती, सुदा. वाट्याची मासळी घेऊन घरी आलो होतो. पण तो सोडून चालत जाणारा माणूस मी कधी बघितलाच नव्हता. मी ओढणारेच मोजायचो.

त्या आठवड्यात तू मला बदलायला शिकवलंस. घाव अर्धा असतानाच बटण दाबायचं, म्हणजे सोटा खाली येईपर्यंत पंखे वर गेलेले असतात आणि शत्रूला उसंत मिळत नाही. मैदानातलं मडकं फोडलं की आत पाव सापडतो, तो ज्याची पट्टी लाल त्याला खायला घालायचा. तू पाव कधी वाया घालवत नव्हतास.

मग मी मुंबईला परतलो. आंबे संपले होते.

आणि दिवाळीआधी तुझा फोन आला. "दादा, चार दिस येशीत काय? नारळ पाडूचे आसत."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. "नारळ पडाक माझी काय गरज? गुरुत्वाकर्षण आसा मा थंय."

तू हसलास, चांगला मोठ्याने. म्हणालास, "जमला तर ये, घाई नाय." तुला माझे विनोद आवडायचे, हीच तुझी चूक. मला तो इतका आवडला की त्या आठवड्याच्या सदरात वापरला. गावाकडच्या भावाचा फोन, नारळ, गुरुत्वाकर्षण. वाचकांची पत्रं आली. ती पत्रं मी तुझ्या दहाव्यानंतर फाडली.

डॉक्टरची चिठ्ठी सापडली ती तबकडीच्या डबीत, घडी घालून. छातीत दुखतं, गोव्याला जाऊन तपासणी करून घ्यावी, उशीर करू नये. तारीख तुझ्या फोनच्या आदल्या दिवशीची. आईजवळ बसायला चार दिवस कोणीतरी हवं होतं तुला. एवढंच ना? मग एवढंच का नाही म्हणालास, मेल्या? अख्ख्या वाडीची गाऱ्हाणी तू देवळात घालायचास. कोणाची गाय हरवली, कोणाच्या पोरीचं जमत नाही. स्वतःचं गाऱ्हाणं घालायची वेळ आली तेव्हा नारळ पुढे केलेस. आपल्याकडे माणूस मदत मागत नाही, नारळ, गवत, कौलं पुढे करतो. आणि समोरच्याने ते ओळखायचं असतं. माझं पोट ओळखण्यावर चालतं. कोण काय लपवतो ते मी पंधरा वर्षं छापून आणतोय. तुझा एक नारळ मला फोडता आला नाही.

आता खाटेशी मी आहे. बिनपगारी रजा काढली, बायको नोकरीपायी मुंबईतच. आई मला सुदा म्हणते. पहिल्या महिन्यात दुरुस्त करायचो, आता ओ देतो. नंदा आली की म्हणते, "दादा, अर्धो झालंस रे," आणि मी म्हणतो, "काय नाय, बरो आसंय." काल आईला वळवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. खाटेचा खूर धरून जमिनीवर बसलो. आई वरून बघत होती. कोणाला बोललो नाही. आणि आज सकाळी नंदाला नारळ सांगितले.

दुपारी आई झोपल्यावर डबा लावला, तू गेल्यानंतर पहिल्यांदा. तुझ्या कालनिर्णयावरून बोट फिरवत तू राखून ठेवलेला खेळ उघडला. मला वाटलं होतं, भालावाला आकाशाला टेकलेला असेल आणि आम्ही दोघे जेमतेम. घरात जसं होतं तसंच, नाही का? तसं नव्हतं. तिघांची ताकद जवळजवळ सारखी. माझा सोटेवाला तर तुझ्यापेक्षा एक पायरी वर. तिघांच्या पट्ट्या हिरव्यागार. एवढ्या महिन्यांत तू कुणालाही एकट्याला राबवलं नव्हतंस. खेळात तुला सगळं कळत होतं, सुदा. बटणही तुझ्याच हातात होतं. घरातलं बटण मुंबईला होतं आणि ते विनोद करत होतं.

मी थोडा वेळ खेळलो. सोटेवाला पिवळा झाला. बदलला. पंखे फिरायला लागले आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो.

पुन्हा खेळणार नाही. तिसरी ओळ दाबून जसाच्या तसा ठेवलाय, चौथीला हात लावला नाही.

एक कबूल करतो. हे पत्र पुरं झालं की नंदाला परत फोन करणार. नारळ म्हणणार नाही. म्हणणार, "नंदा, माका अंधारी येता. माका डॉक्टराकडे जावचा आसा आणि आवशीकडे कोण तरी होया. परीक्षा झाली की नको, उद्या ये." विनोद करणार नाही. ती घाबरेल, घाबरू दे. ती आली की दोरी तिच्या हातात देऊन मी चालत खाली जाईन, आणि चार दिवसांनी पुन्हा धरीन. तिलाही सांगून ठेवीन, तुझी पट्टी लाल व्हायची वाट बघू नकोस म्हणून.

आईने आत्ताच हाक मारली. तुला. जातो.

तुझा दादा,
लय बोलणारो, हळू चलणारो, सोटेवालो