घाटात मागच्या सीटवर

तोरिनो, सोमवार

प्रिय देल्फिना हिस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत, एवढंच सांगते. तुझे जावई ग्वाल्तिएरो इंजिनियरसाहेब यांना आदराने नमस्कार. (हे इल्दा लिहिते आहे, माझ्या ओरेस्तेची लेक. सुधारून लिहिलंस तर कान पिळीन, हेही तिलाच लिहायला लावलं आहे.)

तर ऐक. ओरेस्ते कारखान्यात नव्या गाड्या पळवून बघतो, हे तुला ठाऊकच आहे. सध्या चार दारांची, साध्या कुटुंबाला परवडेल अशी गाडी घडते आहे. इतके दिवस मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवायचे. मग कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, कुटुंबाची गाडी म्हणजे मागे आजी असणारच, आणि पोती काही गुडघे दुखतात म्हणून सांगत नाहीत. ओरेस्ते म्हणाला, "आई, तुला न्यायचं ठरलंय." मी म्हटलं, "पोत्याच्या जागी? वा रे लेका, बढतीच झाली माझी!"

जपमाळ घेतली, वाटेत खायला चीज घेतलं आणि मोंचेनिसिओचा घाट चढलो. चढताना मी राणी होते. अंबाड्याला छत लागत नाही. (आधी लागायचं. मी ओरडले, तेव्हा सीट दोन बोटं खाली घेतली. नाव साहेबांचं होईल.) पण उतरताना, बाई गं, सातव्या वळणावर जळका वास आला. मला वाटलं चीज. चीज नव्हतं. ओरेस्तेचा ब्रेकवरचा पाय पार तळाला टेकला तरी गाडी आपली निघालेलीच, आणि त्याची मान मागून चुन्यासारखी पांढरी. "आई, बोलत राहा," म्हणाला. मला! ज्या बाईला तो जन्मभर गप्प राहा म्हणत आला तिला! आणि नेमका तेव्हाच माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी कठड्याला घासून घासून गाडी थांबवली त्याने. खाली दरी, तळाशी काडेपेटीएवढं चर्च. मी अजून स्वयंपाकघराची पायरीसुद्धा बसून उतरते.

कारखान्यात तो ब्रेकचं काही बोलला नाही. गाडीला पोचा पडलेला दाखवला आणि म्हणाला, माझंच लक्ष नव्हतं. भित्रा म्हटलेलं त्याला चालत नाही, बापावर गेलाय.

तुझी आस्सुंता (अंगठा माझाच आहे)

ता. क. ब्रेकचं सगळं तुझ्या जावयाच्या सहीने ठरतं म्हणे. थाळीसारखे उघडे ब्रेक लावले तर असे तापत नाहीत, असं ओरेस्ते माझ्या सुनेला सांगत होता. पुढच्या गुरुवारी तोच घाट पुन्हा उतरायचा आहे. रविवारी जावयाला जेवायला बोलाव आणि घास तोंडात असतानाच विषय काढ, म्हणजे नाही म्हणता येणार नाही. ओरेस्तेचं नाव घेऊ नकोस. म्हातारी घाबरली म्हणावं.

आणखी ता. क. सही नाही झाली तरी गुरुवारी मी बसणार आहे. इल्दा रडते आहे, अक्षर बिघडलं तर सांभाळून घे. मागे पोती असली की ओरेस्ते तो घाट नव्वदने उतरतो. त्या दिवशी मागे मी होते, म्हणून चाळीसने चालला होता, म्हणून कठड्यावर निभावलं.